बंदराच्या गाळाचा उगम शोधताना या चुका टाळा

मुंबई बंदराच्या गाळावरचा कुणाचा मसुदा हातात आला की मी आधी युरोपियम या दुर्मीळ मृदा मूलद्रव्याचं पान उघडते. सगळ्यात मोठा घोळ तिथेच असतो.

लँथॅनमपासून लुटेशियमपर्यंतच्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून गाळ कोणत्या खडकातून आला ते ओळखतात. त्यांचे आकडे अणुक्रमांकाच्या क्रमाने आहेत तसे मांडले तर आलेख करवतीसारखा दातेरी येतो, कारण सम अणुक्रमांकाची मूलद्रव्यं शेजाऱ्यांपेक्षा जास्त असतात. म्हणून एखाद्या प्रमाण पदार्थाच्या आकड्यांनी भागायचं. बहुतेक जण डोळे झाकून ‘पास’ने, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या शेल या गाळाच्या खडकाच्या सरासरीने, भागतात. पण त्या शेलमध्येच युरोपियम कमी आहे. काँड्राइट या आदिम उल्कांच्या हिशेबाने, शेजारच्या मूलद्रव्यांवरून अपेक्षित असतं त्याच्या साधारण 0.65 पट. दक्खनच्या बेसॉल्टमध्ये ही तूट जवळपास नसते. म्हणजे तिथे आकडा जवळपास एक, आणि एकाला 0.65 ने भागलं की दीड येणारच. जास्तीचं युरोपियम उष्ण द्रवांतून येतं असं धरून एका विद्यार्थ्याने या दीडवरून खाडीच्या तळाशी उष्ण द्रवांचे झरे असल्याचा निष्कर्ष काढला आणि पोस्टरही छापलं. उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्या कोणत्या खडकावरून येतात, एवढंच मी त्याला विचारलं. मग त्याने तोच तक्ता काँड्राइटने भागला आणि युरोपियमचा उंचवटा नाहीसा झाला. पोस्टरचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

माझ्याकडे एका तक्त्याचे दोन्ही आलेख काढल्याशिवाय चर्चा सुरू होत नाही. नदीच्या वरच्या अंगाचा ताजा बेसॉल्ट मिळाला तर त्याने भागून तिसराही काढायचा.

दुसरी चूक घाईची. उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात नमुना उकळतात. झिरकॉन हे चिवट खनिज त्यात पुरतं विरघळत नाही, आणि यटर्बियम, लुटेशियम ही जड दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं झिरकॉनमध्येच अडकून राहतात. आलेखाची उजवी बाजू खाली बसते आणि लगेच ‘नवा स्रोत’ सापडतो. वर सांगतात, ‘बीएचव्हीओ-2 या प्रमाण नमुन्याचे आकडे जुळले.’ अहो, तो हवाईचा बेसॉल्ट, त्यात झिरकॉनचा त्रास नसतोच. जीएसपी-2 हा झिरकॉन असलेल्या ग्रॅनोडायोराइट खडकाचा प्रमाण नमुना लावा, झिरकॉनमधलं झिरकोनियम मोजा. कमी भरलं तर लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवा. वेळ लागतो, लागू द्या.

शिंपल्यांचे तुकडे सौम्य ॲसेटिक आम्लाने काढून टाका. वाळूची चिखलाशी तुलना करू नका, 63 मायक्रॉनखालचा भाग वेगळा करा. वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रात बेरियम ऑक्साइड युरोपियमच्या 151 आणि 153 या दोन्ही वस्तुमानांवर येऊन बसतो, त्याची दुरुस्ती हवीच. गॅडोलिनियम वाढलं म्हणून एमआरआयच्या औषधातल्या गॅडोलिनियमकडे बोट दाखवू नका. ते बहुतांशी पाण्यातच विरघळलेलं राहतं.

आणि जहाजांच्या मार्गातून काढलेल्या गाभ्याला, म्हणजे गाळाच्या उभ्या नमुन्याला, खालून वर असा काळक्रम लावण्याआधी तिथल्या ड्रेजिंगच्या, म्हणजे गाळ उपसण्याच्या, नोंदी मागवा; उपशाने थर विस्कटलेले असू शकतात. त्या मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज नमुने काढण्याआधीच टाका.