थेंब मोजता आले की अर्धं नर्सिंग जमलं

सोलापुरात नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुलींनो, प्रवेश, हॉस्टेल, युनिफॉर्म, पांढरे बूट हे तुम्ही करणारच, त्यावर शब्द घालवत नाही. घड्याळ मात्र सेकंदकाट्याचं घ्या. वॉर्डात मोबाइल काढून नाडी मोजणारी मुलगी इन्चार्ज सिस्टरला कधीच काम करताना दिसत नाही.

पहिल्या वर्षी अॅनाटॉमी रोज थोडी, चित्रं काढून. प्रोसीजर बुक आणि केस बुक त्या दिवशीचं त्याच दिवशी भरा. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जरूर जा, पण वही भरून जा. मैत्रिणीची केस उतरवणारी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिल्याच प्रश्नात सापडते.

भाषेचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सोलापुरात नुसत्या मराठीवर वॉर्ड चालत नाही. सिव्हिलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, पोस्टिंग लागलं की शहराच्या पूर्व भागातली विडी वळणारी आजी तेलुगूत कण्हते, अक्कलकोटकडचे काका कन्नडमध्ये. तेलुगूत 'एक्कडा नोप्पी?' आणि कन्नडमध्ये 'नोवु एल्लि?' म्हणजे 'कुठं दुखतंय?'. एवढं आलं तरी पेशंट तुमच्याकडे वळून बघतो.

आता गणित. "मन लावून सेवा करा, बाकी आपोआप येतं" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. मायेनं सलाइनचा वेग बरोबर लागत नाही.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. सेट म्हणजे सलाइनची नळी, आणि सेटचे थेंब म्हणजे तिच्यातून 1 मिलिलिटरला किती थेंब पडतात ते. 500 मिलिलिटर, 4 तास, 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. वहीत मलाही यायचं. दुसऱ्या वर्षी एका रात्रपाळीत मी 42 थेंब लावले आणि निवांत झाले. 4 तासांनी बघते तर बाटली दोन तृतीयांश भरलेली! सेट मायक्रो होता. त्यात 1 मिलिलिटरचे 60 थेंब पडतात, त्यामुळे पेशंटला 500 ऐवजी जेमतेम 168 मिलिलिटर गेलं होतं. सिस्टरनं सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. बरोबरच होतं तिचं. उलटं झालं असतं, म्हणजे मायक्रोचा हिशोब मॅक्रोवर, म्हणजे 20 थेंबांच्या साध्या सेटवर, लावला असता, तर सलाइन तिप्पट वेगानं गेलं असतं. लहान मुलाला किंवा हृदयाच्या पेशंटला ते झेपत नाही.

तेव्हापासून मी आधी पाकीट वाचते, मग आकडेमोड. पद्धत अशी: तासाला किती मिलिलिटर जायचं ते काढा. मायक्रो सेट असेल तर तोच आकडा म्हणजे मिनिटाचे थेंब. पाकिटावर 20 असेल तर त्याला 3 ने भागा, 15 असेल तर 4 ने. 500 मिलिलिटर 4 तासांत म्हणजे तासाला 125; 125 भागिले 3, आले की 42. रात्री तीन वाजता डोळ्यांवर झोप असताना हेच आठवतं, लांबलचक सूत्र नाही.

सराव हॉस्टेलमध्ये करा. मेडिकलमधून एक साधा सेट आणा, पाणी भरलेली बाटली खिडकीला टांगा, खाली बादली. नळीवरचं वेगाचं चाक फिरवून 42 लावा, मग 28, मग 14. आठवडाभरात कानालाही वेग कळायला लागतो. मैत्रिणी हसतील, हसू द्या.

आणि वेग लावून पाठ फिरवू नका. पेशंटनं हात वाकवला की थेंब मंदावतात. नातेवाईक तर "लवकर संपू दे, ताई" म्हणत चाक पूर्ण सोडून मोकळे होतात. पंधरा मिनिटांनी परत मोजा. बाटलीला उभी चिकटपट्टी लावून दर तासाची पातळी लिहून ठेवा. पुढच्या पाळीची सिस्टर त्या पट्टीवरूनच तुम्हाला ओळखते.

इन्सुलिनलाही हाच नियम, आधी वाचा मग मोजा. मिलिलिटरला 40 युनिटच्या व्हायलला (औषधाच्या बाटलीला) लाल टोपीची सिरिंज, 100 युनिटच्या व्हायलला नारिंगी. 100 वाली व्हायल लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरली, तर पेशंटला 20 ऐवजी 50 युनिट जातात. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, कुणीही कितीही घाई केली तरी. शंका आली तर विचारा. ओरडा खाऊन कुणी मेलेलं नाही.

निकाल लागला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लगेच करा, त्याशिवाय नोकरीचा अर्जच पुढं सरकत नाही. सरकारी जाहिरातीत 'अधिपरिचारिका' हा शब्द शोधा, स्टाफ नर्स म्हणजे तीच. जर्मनीत नोकरीचं डोक्यात असेल तर जर्मन भाषा नर्सिंग शिकतानाच सुरू करा. ती बी2 पातळीपर्यंत न्यावी लागते आणि ते दोन महिन्यांत होत नाही.

जीएनएमवाल्या, म्हणजे नर्सिंगची पदवी नव्हे तर डिप्लोमा करणाऱ्या मुलींनो, जरा थांबा. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला तुमच्याकडे किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. माझ्या बॅचची एक मुलगी घराजवळ बरं म्हणून 15 खाटांच्या नर्सिंग होममध्ये राबली. अर्ज भरताना कळलं की तो अनुभव धरतच नाहीत. म्हणून रुजू होण्याआधी खाटा विचारा, लाजू नका. सोडाल त्याच दिवशी खाटांची संख्या आणि दोन्ही तारखा घातलेलं सर्टिफिकेट हातात घेऊनच बाहेर पडा. नंतर डॉक्टरसाहेब फोन उचलत नाहीत.