वाड्याच्या भिंतीला पुन्हा चुन्याचा गिलावा

इंदुरात राजवाड्याच्या आसपास जे जुने वाडे उभे आहेत, त्यांच्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. अशी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि पृष्ठभागातून ती वाळवते. वर सिमेंट थापलं की ही वाट बंद होते, क्षार विटेत साठतात आणि काही पावसाळ्यांनी सिमेंट विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतं. म्हणून आधी सिमेंट काढा. छन्नी तिरपी धरा, विटेची कड मोडू देऊ नका. सांधे दीड-दोन सेंटिमीटर कोरून धूळ झाडा. ओल फुटक्या पन्हळीची किंवा गळक्या नळाची असेल तर ती दुरुस्ती अगोदर करा, गिलाव्याने गळती थांबत नाही.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. माळव्याच्या उन्हाळी झळांत गिलावा आवळण्याआधीच, म्हणजे घट्ट धरण्याआधीच सुकतो. चुना मात्र गणपतीतच भिजत घाला.

कळीचा चुना (भट्टीत भाजलेला, अजून पाणी न लागलेला) ढेकळांचा घ्या, हवा लागून भुकटी झालेला नको. लोखंडी पिंपात चुन्याच्या तिप्पट वजनाचं पाणी भरा आणि त्यात ढेकळं थोडी थोडी सोडा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नका, उकळता चुना उसळून अंगावर येतो. प्लास्टिकची बादली या उष्णतेत टिकत नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात उडालाच तर साध्या पाण्याने वीस मिनिटं डोळा धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. उकळी बसेपर्यंत ढवळा, दुसऱ्या दिवशी 3 मिमीच्या चाळणीतून गाळा आणि वर कायम चार बोटं पाणी ठेवून मुरू द्या. तीन आठवडे ही अगदी कमीत कमी मुदत, दोन महिने उत्तम. घाई केली तर न विरलेले कण भिंतीत गेल्यावर पाणी ओढून फुगतात आणि गिलाव्यावर फोड येतात. मुरलेला चुना लोण्यासारखा थापीला धरून राहतो.

100 चौरस फुटांना 20 मिमी जाडीसाठी साधारण 190 लिटर माल लागतो: मुरलेला ओला चुना 65 लिटर (35 किलो कळीचा चुना), सुरखी म्हणजे विटेची भुकटी 65, नर्मदेची चाळलेली वाळू 130. बेरीज जास्त दिसते, पण चुना वाळूच्या फटींत बसतो आणि मळल्यावर माल तेवढाच भरतो. सुरखी नीट भाजलेल्या विटेची आणि बारीक हवी, जास्त भाजून काळपट झालेल्या झामा विटेची चालत नाही. तागाचे इंचभर तुकडे 100 लिटरला अर्धा किलो घाला. पाणी न वाढवता तासभर मळा. सुरखी कालवलेला माल त्याच दिवशी संपवा. गूळ-मेथीचं पाणी घालायचं असेल तर आधी हातभर जागेवर करून पाहा. गूळ जास्त झाला की माल आवळत नाही, आणि कच्चा चुना गुळाने पक्का होत नाही.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. पाण्याची चकाकी गेली की 12 मिमीचा पहिला थर थापीने जोरात मारा आणि वर तिरप्या रेघा ओढा. आठ-दहा दिवसांनी, नखाने ओरखडा उठतो पण अंगठा रुतत नाही अशा वेळी 8 मिमीचा दुसरा थर द्या. दुसऱ्या दिवशी केसासारख्या चिरा दिसतील, माल मऊ आहे तोवर लाकडी थापटीने ठोकून मिटवा. गुळगुळीत भिंत हवी असेल तर ओला चुना आणि संगमरवराची भुकटी समभाग घेऊन 2 मिमीचा थर द्या आणि गुळगुळीत दगडाने घोटा.

पंधरा दिवस ओली गोणपाटं टांगा, अधूनमधून बारीक फवारा मारा. नळीची धार नको, चुना धुऊन जातो.

गिलावा आत किती पिकला ते हळदीने कळतं. कोपऱ्यातला तुकडा ताजा मोडून हळदीचं पाणी लावा. कुंकवासारखा लाल झालेला भाग अजून कच्चा, पिवळा राहिला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पिकला. रंगासाठी पातळ चुन्याचेच तीन-चार हात द्या. प्लास्टिक पेंट किंवा वॉल पुट्टी लावली तर भिंत पुन्हा सिमेंटसारखीच कोंडते.