रास्टर प्रतिमांचा स्थळ-काळ इंडेक्स: या चुका टाळा

उपग्रहचित्रं, स्कॅन केलेले नकाशे अशा रास्टर (पिक्सेलांच्या) प्रतिमा जागा आणि तारखेवरून शोधता याव्यात म्हणून ठेवलेली नोंदयादी म्हणजे हा इंडेक्स. त्यात जागा चुकली की नकाशाच चुगली करतो: प्रतिमा समुद्रात जाऊन पडते, कडा जुळत नाहीत. तारीख चुकली तर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. शोध चालतो, चित्रही येतं, फक्त ते भलत्याच दिवसाचं असतं. म्हणून इथे वेळेच्या रकान्याबद्दलच जास्त.

कुठली तारीख?

लँडसॅट या उपग्रहमालिकेच्या फाइलनावात आठ आकडी तारखा दोन असतात. पहिली प्रतिमा टिपल्याची, दुसरी प्रक्रिया झाल्याची. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या फाइलनावातही दोन कालखुणा आहेत आणि तिथेही पहिलीच आपल्या कामाची. नावातून तारीख उचलणारा रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) ढिला लिहिला की दुसरी उचलली जाते, आणि जुना साठा नव्याने प्रक्रिया झालेला असेल तर वर्षांचा फरक पडतो. त्याहून वाईट म्हणजे फाइल बदलल्याची वेळ वापरणं. साठा एका डिस्कवरून दुसरीकडे हलवला की सगळ्या प्रतिमा एकाच दिवशीच्या होऊ शकतात.

स्कॅन केलेल्या जुन्या नकाशांत सर्वेक्षणाचं वर्ष वेगळं, छपाईचं वेगळं, मधल्या दुरुस्तीचं आणखी वेगळं. नदीचं पात्र कधी कुठे होतं हे शोधणाऱ्याला छपाईचं वर्ष काय कामाचं? तिन्ही रकाने ठेवा, शोध सर्वेक्षणावर लावा.

क्षण की कालावधी?

सोळा दिवसांच्या किंवा महिन्याच्या कंपोझिटला (अनेक प्रतिमा मिळून केलेल्या एका चित्राला) एकच तारीख चिकटवू नका. स्टॅक (STAC) या प्रतिमांच्या नोंदींच्या मानकामध्ये सुरुवात आणि शेवट दिले तर मूळ वेळेचा रकाना रिकामा (नल) ठेवता येतो, तो याचसाठी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वेळेची रेंज (सुरुवात ते शेवट) हा प्रकार आहे. तो आणि भूमिती (प्रतिमेच्या सीमेचा आकार) एकाच जिस्ट इंडेक्समध्ये, म्हणजे शोध वेगवान करणाऱ्या एकाच रचनेत, बसतात. साधा टाइमस्टॅम्प (एकच क्षण) तसा बसवायचा तर बीट्री-जिस्ट एक्स्टेंशन लागतं.

कालावधीचा शेवट उघडा ठेवा, म्हणजे शेवटचा क्षण त्यात धरू नका. ‘३१ डिसेंबरपर्यंत’ असं लिहिलं की डेटाबेस ते ३१ तारखेच्या मध्यरात्री शून्य वाजता थांबवतो आणि तो अख्खा दिवस गळतो. ‘१ जानेवारीच्या आधी’ असं लिहा.

वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा. सेंटिनेल-२ न्यूझीलंडवरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीची रात्र असते. स्थानिक तारखेने शोधणाऱ्याला ते दृश्य ‘नाहीच’ असं वाटतं. शिवाय टाइमझोनसह साठवलेल्या वेळेचं तारखेत रूपांतर पोस्टग्रेस सेशनच्या (त्या वेळच्या जोडणीच्या) टाइमझोनप्रमाणे करतं, त्यामुळे एकच क्वेरी (शोधाची आज्ञा) दोन सर्व्हरवर दोन उत्तरं देऊ शकते. वर, रकान्यावर असं फंक्शन लावलं की त्यावरचा साधा इंडेक्स वापरलाच जात नाही. भूमितीच्या रकान्यावर क्वेरीतच प्रोजेक्शन (नकाशाची निर्देशांक-पद्धत) बदललं तरी हीच गत. बदल शोधाच्या चौकटीवर करा, रकान्यावर नको.

आणि शेपफाइल या नकाशांच्या फाइल-प्रकारामध्ये इंडेक्स ठेवू नका. तिच्यातल्या डीबीएफ तक्त्याच्या तारीख-रकान्यात तास-मिनिटं मावतच नाहीत. दिवसातून दोन प्रतिमा आल्या की त्या एकमेकींत मिसळल्या.

जागेचं थोडक्यात

लँडसॅटचं दृश्य तिरकं असतं. त्याची चौकोनी चौकट नोंदवली की कोपऱ्यातल्या काळ्या त्रिकोणांतही ‘सापडलं’ असं उत्तर येतं. खरी सीमा बहुभुज म्हणून साठवा. वेगवेगळ्या यूटीएम झोनच्या (पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांच्या) फाइली असतील तर इंडेक्सला एकच प्रोजेक्शन द्या, मूळचं वेगळ्या रकान्यात टिपा. १८० अंशाची रेषा ओलांडणारी दृश्यं दोन तुकड्यांत तोडा, नाहीतर त्यांची चौकट पृथ्वीभर पसरते. ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांची पद्धत) वापरताना डब्ल्यूएमएस (नकाशे मागवायचं वेब-मानक) १.३.० अक्षांश आधी मागतं, १.१.१ रेखांश.

नवी प्रतिमा दिसत नाही?

जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इमेज मोझेकमध्ये (अनेक प्रतिमा जोडून केलेल्या थरामध्ये) फाइल फोल्डरात टाकली म्हणून ती इंडेक्समध्ये येत नाही. ती हार्वेस्ट करावी, म्हणजे इंडेक्समध्ये वेगळी नोंदवावी लागते.

दुहेरी नोंदी मात्र जास्त छळतात. एकच दृश्य नव्याने प्रक्रिया होऊन आलं की जागा तीच, क्षण तोच, आकडे वेगळे. सेंटिनेल-२ मध्ये २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० ने पिक्सेलमूल्यांत १००० चा ऑफसेट (ठरावीक फरक) आणला. जुनं-नवं मिसळलं की कालमालिकेत उडी दिसते आणि माणूस जमिनीवर बदल शोधत बसतो. बेसलाइनचा रकाना ठेवा, टाइल (प्रतिमेचा ठरलेला चौकोनी तुकडा) आणि टिपल्याच्या वेळेवर गट करा, आणि ज्या गटात एकापेक्षा जास्त नोंदी निघतील त्यांतली कुठली दाखवायची हे क्वेरीत स्पष्ट लिहा.