खिडकीतली भाजी आणि तिचा हिशेब : या चुका टाळा

फ्लॅटमध्ये भाजी पिकवायला घेणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते. रोपं उगवली, भराभर उंच झाली आणि आडवी पडली. मग कुणी खत घालतं, कुणी पाणी वाढवतं आणि आठवड्याभरात ट्रे कचऱ्यात जातो. दोष बहुतेक वेळा खतपाण्याचा नसतो. रोप उजेड शोधत लांबलेलं असतं. आधी अशा चुका बघू, मग त्यांचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवताना होणाऱ्या.

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा भरवशाचा नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारी उघड्या गच्चीवर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. त्याच वेळी खोलीत आपण दिवा न लावता पेपर वाचतो तिथे जेमतेम दोन-तीनशे लक्स असतो, पण डोळा जुळवून घेतो आणि आपण म्हणतो, 'घर कसं हवेशीर, भरपूर उजेडाचं आहे.' पालेभाजी बऱ्यापैकी वाढायला दिवसाला बारा-चौदा तास दहा हजार लक्सच्या आसपास उजेड लागतो. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप तंतोतंत नसतं, तरी खिडकीचा कट्टा आणि तिथून तीन फूट आतलं टेबल यांतला फरक दाखवायला पुरेसं असतं. एकदा मोजून बघा. शोकेसवर ठेवलेली कोथिंबिरीची कुंडी तुम्ही स्वतःहून उचलाल.

याच्या जोडीला येतो 'दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली' हा सल्ला. युरोप-अमेरिकेत तो बरोबर आहे, आपल्याकडे अर्धाच. डिसेंबरात आपला सूर्यही दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन थेट खोलीत शिरतं. पण मुंबईत शून्य सावलीचे, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येण्याचे दिवस येतात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्यांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात भरभरून मेथी देणाऱ्या दक्षिणेच्या कट्ट्यावर मे-जूनमध्ये थेट ऊन पडतच नाही, त्यातून ग्रिलवर पत्रा असेल तर विचारूच नका. 'गेल्या वेळी तर छान आली होती, या वेळी बियाणं खराब निघालं,' असं म्हणण्याआधी कॅलेंडर बघा. पूर्वेची खिडकी समोर दुसरी बिल्डिंग नसेल तर वर्षभर साथ देते.

खिडकी नसेल तर दिवा. त्यासाठी जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत. वीस वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब शेजारी शेजारी, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर लावल्या की पालेभाजीचं भागतं. ट्यूब छताला आणि ट्रे जमिनीवर असेल तर काहीही होणार नाही, ही चूक मात्र फार दिसते. चौदा तास चालवल्या तर महिन्याला साधारण सतरा युनिट वीज जाते. एवढी वीज जाळून बाजारात स्वस्तात मिळणारी मेथीची जुडी पिकवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर दिव्याखाली मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायची रोपं घ्यावीत, आणि टोमॅटोचा नाद सोडावा. टोमॅटोला कडक ऊन लागतं, शिवाय फूल हलायला वारा लागतो. खोलीत वारा नसल्यामुळे फुलं गळतात; फुलोऱ्याचं देठ रोज बोटाने टिचकी मारून हलवलं तर थोडी फळं धरतील, पण ती थोडीच.

पाण्याच्या चुका जास्त हट्टी असतात, कारण पाणी घालणं हे प्रेमाचं काम वाटतं. कोवळं रोप मातीलगत पिचकून काळपट झालं आणि एका रात्रीत कोलमडलं, तर ती बुरशीची मर आहे. पडलेलं रोप वाचत नाही. उरलेली वाचवायची तर पाणी थांबवा, झाकण असेल तर काढा, पंख्याचा हलका वारा लागू द्या. कुंडीभोवती काळी चिलटं उडायला लागली तरी कारण तेच : वरचा थर सतत ओला. त्यांच्या अळ्या त्याच थरात वाढतात. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या माश्या पकडतात, अळ्यांना हातही लावत नाहीत. वरचा इंचभर थर वाळू द्यायचा आणि काही दिवस खालच्या ताटलीतून पाणी द्यायचं. अर्ध्या तासात शोषलं गेलं नाही ते ओतून टाकायचं.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, इथे आणखी फसवतं. वरून तपकिरी, कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. म्हणून बघून पाणी घालू नका, कुंडी उचलून वजनावरून ठरवा. आणि कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळजवळ काही नसतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेला पालक तिसऱ्या आठवड्यात पिवळा पडला तर त्यात नवल नाही; गांडूळखत आधीच मिसळायला हवं होतं. कोकोपीटच्या काही दाबलेल्या विटांमध्ये क्षार बरेच असतात, तेव्हा भिजवल्यावर दोनदा धुऊन पिळून घ्या. क्षारांवरून आठवलं, आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. अंगणातल्या मातीतले क्षार पावसाने धुऊन तरी जातात. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही, तिथे ते साठत राहतात आणि पानांच्या कडा करपतात. त्या पाण्याने फरशी पुसा.

आता ज्या चुकीने नुसतं पीक नाही तर तब्येत बिघडू शकते, ती. कृषी सेवा केंद्रात मिळणारं पेरणीचं बियाणं पुष्कळदा गुलाबी, लाल किंवा निळसर दिसतं. तो रंग थायरमसारखं बुरशीनाशक चोळल्याची खूण असतो. शेतात पेरायला ते ठीक आहे. पण मायक्रोग्रीन्स आठ-दहा दिवसांत कापून कच्ची खायची असतात, टरफलं पानांना चिकटलेली असतात. असं बियाणं त्यासाठी वापरायचं नाही, धुऊनसुद्धा नाही. स्वयंपाकघरातली मोहरी, मेथी, मूग चालतात. मुळ्याचं आणि सूर्यफुलाचं बी प्रक्रिया न केलेलं मागून घ्या. टोमॅटो, मिरची, वांगी यांची कोवळी रोपं खाऊ नयेत. ज्वारीचीही नाहीत. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे गावाकडे कुणीही सांगेल, कारण त्या कोंबांतून सायनाइड तयार होतं. राजम्याचे कच्चे मोडही टाळा.

मुळ्याच्या किंवा मोहरीच्या ट्रेमध्ये तिसऱ्या दिवशी पांढरी लव दिसली की लोक घाबरून सगळं फेकतात. आधी त्यावर पाण्याचा फवारा मारा. लव बसली, दिसेनाशी झाली, तर ते मुळांवरचे बारीक केस आहेत, उत्तम लक्षण. जाळीसारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरलेली, वास मारणारी असेल तर बुरशी. तो ट्रे खरंच टाका आणि पुढच्या वेळी विरळ पेरा.

कोथिंबिरीसाठी पेरायच्या धन्यांबद्दल थोडक्यात : अख्खे पेरू नका, लाटण्याने हलके दुभंगून घ्या, उगवायला पंधरा दिवसही लागू शकतात तेव्हा उकरून बघू नका, आणि रोप उपटून दुसरीकडे लावू नका. ऐन उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलोऱ्यावर जाते, तेव्हा पुदिन्याच्या काड्या लावलेल्या बऱ्या. घरात धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) पिशवी टांगली असेल आणि देठ लांब, टोप्या बटणाएवढ्या येत असतील, तर पाणी वाढवू नका. खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय, हवा खेळू द्या. टोपीची कड वर वळायच्या आत काढा आणि पिशवी झोपायच्या खोलीत ठेवू नका. पिकलेल्या टोपीतून सुटणारे बीजाणू दम्याच्या माणसाला त्रास देतात.

या सगळ्यात एक अडचण समान आहे. पेरणी कधी केली, पाणी किती घातलं, ट्रे कुठल्या खिडकीत होता, हे कुणालाच आठवत नाही आणि बिघाडाचं कारण अंदाजानेच ठरतं. घरबसल्या कॉम्प्युटर शिकायची इच्छा असेल तर ती इथेच कामाला लावता येते : या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायच्या. पुष्कळांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असतं आणि स्प्रेडशीट, म्हणजे चौकटींचं हिशेबाचं पत्रक, उघडली की हात थांबतो, कारण सराव दुसऱ्याच कुणाच्या पगारपत्रकावर झालेला असतो. स्वतःच्या ट्रेचे आकडे असले की चुकीचं उत्तर लगेच खटकतं.

शिकताना होणारी मोठी चूक म्हणजे व्हिडिओ मालिकेसारखे सलग बघत जाणं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या प्रोग्रॅमचे धडे मराठीतून फुकट आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर कॅल्क ठेवून, थांबवत थांबवत तेच करून बघायचं अशीच त्यांची रचना आहे. मोबाइलवर धडा बघून 'रविवारी कॉम्प्युटरवर करू' म्हणणाऱ्यांचा रविवार येत नाही.

पत्रक साधं ठेवा : पीक, पेरणीची तारीख, काढणीची तारीख, बियाणं ग्रॅममध्ये, उत्पन्न ग्रॅममध्ये, जागा, शेरा. रंग आणि आलेख नंतर. चौकटीत '२०० ग्रॅम' असं लिहू नका. शब्द जोडला की कॉम्प्युटरच्या लेखी तो आकडा राहत नाही आणि बेरीज त्याला न मोजता पुढे जाते, तक्रारही करत नाही. 'ग्रॅम' वर मथळ्यात लिहा. आपोआप आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो आणि मजकूर डावीकडे राहतो. बेरीज कमी आली की आधी कोण डावीकडे बसलंय ते शोधा.

तारखांचा घोळ सर्वांत छळतो. प्रोग्रॅम अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५ जून म्हणून टाकलेलं ०५/०६ हे ६ मे होतं, आणि १३/०६ ची तारीखच बनत नाही, कारण तेरावा महिना नसतो. मग एकाच रकान्यात निम्म्या चुकीच्या तारखा आणि निम्मा मजकूर. सेटिंगमध्ये आधी भारत निवडा आणि मगच तारखा टाका, कारण आधीच चुकीच्या नोंदल्या गेलेल्या तारखा सेटिंग बदलल्याने सुधारत नाहीत. काढणीतून पेरणी वजा केल्यावर नऊ-दहा दिवसांऐवजी १९०० सालातली तारीख दिसली, तर गणित बरोबर आहे, चौकटीचा प्रकार तारखेवरून संख्येवर बदला. चौकटीत नुसती #### अशी चिन्हांची रांग आली तर काहीच बिघडलेलं नाही, रकाना रुंद करा.

दहा-बारा ट्रेच्या नोंदी झाल्या की उत्पन्नाला बियाण्याने भागणारा एक रकाना वाढवा आणि 'जागा' या रकान्यावर फिल्टर लावा, म्हणजे निवडलेल्या जागेच्याच ओळी दिसतील. स्वयंपाकघराच्या खिडकीतली मोहरी हॉलमधल्या मोहरीपेक्षा किती मागे आहे ते तिथे दिसेल. फरक मोठा असेल तर ट्रे हलवा आणि शेऱ्यात हलवल्याची तारीख टाका.