कालव्याकाठी सायकल, पण टायर रुंद हवेत

फ्रान्समधल्या कनाल दू मिदीच्या काठाने सायकलने जायचं असेल, तर पहिल्या दिवसाला भुलू नका. तुलूझपासून साधारण ५० किलोमीटर मोटारींचा त्रास नसलेली छान डांबरी वाट आहे. नोरूझचा चढ ओलांडला की मात्र पुष्कळ ठिकाणी मातीची पायवाट लागते. चिनाराच्या जातीच्या झाडांची मुळं वाटेवर अशी फुगून आलेली असतात की हँडल दणादण हादरतं. किमान ४० मिलिमीटरचे टायर लावा, हवा थोडी कमी ठेवा. पाऊस पडला तर चिखल, मग मुक्कामच बरा. १६८१ मध्ये पुरा झालेला कालवा आहे. बेझिएजवळची फोंसेरानची, बोटींना पाण्यासकट वर-खाली नेणारी पायऱ्यापायऱ्यांची जलद्वारं बघायला अर्धा दिवस राखून ठेवा.