इंधनावरील करवाढ न्याय्य आहे की नाही, हे कसे तपासावे

इंधन वाचावे म्हणून कर वाढवला, असे सांगितले जाते तेव्हा आधी कोणता कर वाढला ते पाहावे. पेट्रोल व डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते, तर महाराष्ट्राचा मूल्यवर्धित कर मुख्यतः टक्क्यांत असून तो उत्पादन शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर बसतो.

मग पंपावरचा दर बदलला का, हे तपासावे. मे २०२० मध्ये शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढले, परंतु कच्चे तेल कोसळलेले असल्याने विक्रीदर त्यामुळे चढला नाही. टाळेबंदीत गाड्या उभ्याच असताना ही वाढ तिजोरीसाठी होती, हे उघड आहे. तिला बचतीचे नाव देऊ नये.

खरी कसोटी कागदावर हिशेब मांडल्यावर लागते. दुचाकीवरून रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर कापून औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार महिन्याचे २५ दिवस धरता हजार किलोमीटर फिरतो. लिटरला ५० किलोमीटर पडत असतील, तर त्याला २० लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे ५ रुपये वाढले की १५ हजारांच्या पगारातून १०० रुपये जातात. महिन्याला ६० लिटर जाळणारा, दीड लाख पगाराचा मोटारमालक ३०० रुपये भरतो. रक्कम तिप्पट, पण पगाराच्या मानाने कामगारावरचा भार तिपटीहून अधिक. शिवाय मोटारमालकाला लोकल किंवा मेट्रो असू शकते. रात्रपाळी सुटते तेव्हा कामगाराच्या गावाकडे एसटी नसेल, तर त्याने वाचवायचे कुठून?

ज्याच्याकडे वाहनच नाही, त्याला धरायला विसरू नये, कारण डिझेलची वाढ टेम्पोभाड्यातून भाजीच्या दरात उतरते. मच्छीमारांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा देण्याची राज्याची योजना आहे. सवलत नेमक्या गटाला देता येते, याचा तो दाखला आहे, मात्र परतावा वेळेवर मिळाला तरच तिला अर्थ आहे.

शेवटी पैसा कुठे जातो ते विचारावे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरील कर, लावताना आयकर कमी केला आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना रोख सवलत दिली. आपल्याकडे केंद्राने वाढ उपकरात किंवा अधिभारात, म्हणजे मूळ करावर वेगळ्याने लावलेल्या आकारणीत, केली असेल, तर तिचा वाटा केंद्रीय करांतला राज्यांचा हिस्सा सुचवणाऱ्या वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळत नाही; मग त्या कामगाराच्या मार्गावर रात्रीची गाडी कोणाच्या पैशातून सुटणार, हे केंद्रालाच विचारावे लागेल.