ईस्टरच्या जागरणविधीला प्रथमच जाताना

ख्रिस्ती स्नेह्यांकडून ईस्टरचे निमंत्रण आले की बहुतेक जण रविवारी दुपारी जेवायला जातात. परंतु या सणाचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर आदल्या रात्री चर्चमध्ये होणाऱ्या जागरणविधीला जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. क्रूसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी मरणातून उठला, या श्रद्धेवर ख्रिस्ती धर्म उभा आहे, आणि शनिवारच्या रात्री ती श्रद्धा अग्नी, वचन, पाणी व भाकर यांच्या क्रमाने उलगडत जाते. येथे कॅथलिक परंपरेतील विधीविषयी लिहिले आहे. वसईतील अनेक चर्चमध्ये तो मराठीत होत असल्याने मराठी वाचकाला तो समजण्यास भाषेची अडचण येत नाही.

प्रथम तारीख पाहून ठेवावी. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर असतो, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. २०२७ मध्ये तो २८ मार्चला, तर २०२८ मध्ये १६ एप्रिलला आहे. ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या कोष्टकावरून धरली जाते, म्हणून पंचांगातील पौर्णिमेशी तिचा मेळ दर वेळी बसेलच असे नाही.

त्या आठवड्यात एक पथ्य अवश्य पाळावे. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस असल्याने त्या दिवशी शुभेच्छांचे संदेश पाठवू नयेत. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना, होत नाही, वेदी उघडी ठेवलेली असते आणि श्रद्धावंत उपवास करतात. शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरच्याच.

विधी अंधार पडल्यावरच सुरू होतो आणि रविवारची पहाट होण्यापूर्वी संपतो. अनेक शतके तो शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ पासून त्याला पुन्हा रात्रीची वेळ दिली, आणि तो निर्णय किती योग्य होता हे अंधारात उभे राहिल्यावरच कळते. म्हणून वेळेच्या थोडे आधी पोहोचावे. साधे, अंग झाकणारे कपडे घालावेत, दोन-अडीच तासांची तयारी ठेवावी, आणि हाती दिली जाणारी छोटी मेणबत्ती न पेटवता धरून ठेवावी.

आरंभ चर्चच्या बाहेर, नव्याने पेटवलेल्या अग्नीजवळ होतो. धर्मगुरू पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात. येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून तिच्यात धुपाचे पाच खडे बसवण्याचीही प्रथा आहे. मग ती मेणबत्ती काळोख्या चर्चमध्ये नेली जाते, वाटेत तीन वेळा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा घोष होतो, आणि तिच्यावरून एकाची, त्याच्यावरून दुसऱ्याची अशा सर्वांच्या मेणबत्त्या पेटतात. आपणही शेजाऱ्याकडून ज्योत घ्यावी व पुढच्याला द्यावी. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही.

त्यानंतर बायबलच्या जुन्या करारातील वाचने होतात. ती सात असतात, पण अनेक ठिकाणी वेळेअभावी तीनच घेतली जातात. इस्राएल लोक समुद्रातून पार झाले, हे निर्गम ग्रंथातील वाचन मात्र कधीही गाळता येत नाही. माझ्या मते सातही ऐकायला मिळतील असे चर्च शोधावे, कारण सृष्टीच्या निर्मितीपासून चालत आलेली ही दीर्घ प्रतीक्षा ऐकल्याशिवाय पुढच्या आनंदाचे मोल उमगत नाही. वाचने संपताच महिमास्तोत्र सुरू होते, गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा वाजू लागतात, आणि ईस्टरपूर्वीच्या सुमारे चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पूर्णपणे वर्ज्य असलेला ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष पुन्हा गायला जातो. शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलच्या भागात, रविवारी पहाटे कबरीकडे गेलेल्या त्याच्या शिष्या मरिया माग्दालेना व इतर स्त्रियांचा वृत्तान्त येतो.

पुढे पाणी आशीर्वादित करून नव्याने श्रद्धा स्वीकारणाऱ्यांना बाप्तिस्मा दिला जातो, आणि उपस्थित ख्रिस्ती लोक आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात. पाहुण्याने ती वचने म्हणण्याची आवश्यकता नाही. सर्वांवर पाणी शिंपडले जाते तेव्हा ते आदराने स्वीकारावे. कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर ग्रहण करणे, मात्र कॅथलिकांसाठी असते, त्यामुळे रांगेत न जाता आपल्या जागी शांत बसावे. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

रविवारी घरी जाताना मिठाई किंवा फुले न्यावीत. गोव्यात सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे मसालेदार कालवण) व सान्ना (तांदळाच्या वाफवलेल्या वड्या), मुंबईतील ईस्ट इंडियन या स्थानिक कॅथलिक समाजाच्या घरांत फुगे नावाचे तळलेले गोल पाव, आणि मुलांसाठी मार्झिपानची, म्हणजे सुकामेवा व साखरेच्या मिठाईची, अंडी असतात. युरोपात पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असल्यामुळे ईस्टरच्या ताटात त्यांना मान मिळाला. त्या रविवारी भेट जमली नाही तरी शुभेच्छा उशिरा ठरत नाहीत, कारण चर्चमध्ये ईस्टरचा काळ पेंटेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो. तोपर्यंत पास्काची मेणबत्ती प्रत्येक मिस्सेला पेटवली जाते, आणि पुढे वर्षभर ती बाप्तिस्म्याच्या वेळी व अंत्यविधीत शवपेटीजवळ लावतात.